बोटीचा प्रवास आणि मामीची पेटी

माणूस प्रवासाला निघाला की त्याच्या आधी त्याचे कपडे निघतात. लग्नाला जायचे असो, पंढरीला जायचे असो की नोकरीच्या मुलाखतीला, ‘तिकीट काढले का?’ या प्रश्नाच्या आधी ‘घालणार काय?’ हा प्रश्न घरात उभा राहतो. त्यातून प्रवास युरोपचा आणि तोही बोटीचा असला, तर मग विचारायलाच नको! सारी भावकी शिंपी होते आणि ज्याच्या त्याच्या हातात टेप येते.

वार्षिकांकात लिहायला हा विषय थोडा हलका नाही का, असे आमचे प्राध्यापक कदाचित म्हणतील. मला तसे वाटत नाही. पेटीत काय भरावे यावरून होणाऱ्या वादात घरात कोणाचा शब्द चालतो आणि कोणाचा चालत नाही, हे जितके स्वच्छ दिसते तितके मोठमोठ्या परिसंवादांतही दिसत नाही. म्हणून माझे मत आधीच सांगून टाकते. पेटी ज्याची, निवड त्याची. हवा, काम आणि यजमानांची रीत एवढे पाहावे. ‘लोक काय म्हणतील’ या जड वस्तूला पेटीत जागा देऊ नये.

हे सुचण्याला कारण घरातलेच आहे. मी शिक्षणासाठी औंढ्याला मामांकडे राहते. मामा शाळेतून निवृत्त झाले. फंडाचे पैसे आले तेव्हा त्यांनी एका यात्रा कंपनीकडे भूमध्य समुद्रातल्या आठ दिवसांच्या सफरीची नोंदणी केली. बार्सिलोनाला बोटीवर चढायचे, मार्सेय, जिनोआ, रोम, नेपल्स पाहायचे आणि पुन्हा बार्सिलोनाला उतरायचे. जन्मात मुंबईपलीकडे न गेलेल्या मामींना हे ऐकून दोन दिवस झोप आली नाही, आनंदाने. तिसऱ्या दिवसापासून झोप आली नाही, ती कपड्यांच्या चिंतेने.

मामांचे म्हणणे, “साडीच नेसायची. आपली संस्कृती आहे ती. परदेशात तर मुद्दाम दाखवावी.” पुण्याहून आलेल्या ताईचे म्हणणे, “आई, साडीत तू अगदी गावंढळ दिसशील. दोन पॅंट घे, चार टॉप घे.” शेजारच्या काकूंचे म्हणणे आणखी निराळे. चार दिवस हा खल चालला. मी अभ्यासाचे पुस्तक पुढे धरून ऐकत होते. या चार दिवसांत एक प्रश्न कोणीच विचारला नाही, आणि तो म्हणजे मामींना काय हवे आहे! शेवटी त्या एवढेच म्हणाल्या, “मग तुम्हीच जाऊन या. मला नाही यायचे.” फंडातले लाखो रुपये भरलेले, पासपोर्ट तयार, आणि एका साडीपायी माणूस घरी राहायला निघाले!

आता मामांच्या संस्कृतीचा थोडा हिशेब मांडू. मामांचे वडील जन्मभर धोतर नेसले, डोक्याला फेटा बांधला. मामांनी नोकरी लागताच पॅंट घातली. त्या दिवशी औंढ्यात संस्कृती बुडाल्याची दवंडी पिटली गेली नाही. या प्रवासासाठीही मामांनी एक सूट शिवायला टाकला आहे आणि त्यावर घरात कोणी चकार शब्द काढला नाही. म्हणजे पुरुषाने कपडे बदलले तर ती सोय आणि बाईने बदलले तर तो संस्कृतीचा ऱ्हास! घराण्याची संस्कृती नेमकी बाईच्याच पेटीत का भरायची? विमानात जेमतेम वीस-पंचवीस किलो सामान नेऊ देतात. त्यात एवढे वजन कसे मावणार?

पण ताईची बाजूही मला पटत नाही. मामा संस्कृतीच्या नावाने दटावतात, ताई लाजेच्या नावाने. ‘गावंढळ दिसशील’ या शब्दात जी भीती आहे ती ताईची स्वतःची आहे. आईने ती का वाहावी? अभिमान असो की लाज, दोन्ही दुसऱ्याचेच सामान. आपण फक्त हमाल.

हा पेच आजचा नाही. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिल महिन्यात कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना नुकतेच एकोणिसावे वर्ष लागलेले होते. निघण्यापूर्वी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात भाषण करून, आपण आपला धर्म आणि आपल्या चालीरीती सोडणार नाही, असे त्यांना जाहीर सांगावे लागले. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीला आधी असला खुलासा करावा लागावा, यातच सारे आले. पुढे तिकडच्या थंडीचा अनुभव आल्यावर, नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. साडी सोडली नाही आणि थंडीत कुडकुडण्याचा हट्टही धरला नाही. या बदलाने त्यांचे मराठीपण कमी झाले, असे आज कोण म्हणेल? १८८६ साली फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. आपल्या ध्यानात राहिली ती पदवी, नेसण्याची तऱ्हा नव्हे.

दुसरे उदाहरण मोहनदास गांधी या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याचे. १८८८ च्या सप्टेंबरात तो मुंबईहून विलायतेच्या बोटीवर चढला. किनाऱ्यावर उतरताना उठून दिसावे म्हणून त्याने पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे जपून ठेवले होते. उतरला, तर सप्टेंबरअखेरच्या त्या दिवसांत पांढरे कपडे घातलेला सबंध गर्दीत तो एकटाच! सामान आणि किल्ल्या कंपनीच्या माणसाकडे गेलेल्या, दुसऱ्या दिवशी रविवार. त्यामुळे बदलायलाही काही नाही. पुढे लंडनमध्ये त्याने दहा पौंड घालवून संध्याकाळचा सूट शिवून घेतला. हे सारे गांधीजींनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. हेच गांधीजी १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ बोटीने निघाले तेव्हा पंचा नेसून होते. बरोबरच्या मंडळींनी भाराभर सामान घेतलेले पाहून ते रागावले आणि जास्तीचे सामान एडनहून परत पाठवायला लावले.

एवढ्यावर थांबले तर साधेपणाचा धडा देऊन लेख संपवता येईल. पण गोष्ट इतकी सोपी नाही. त्याच गोलमेज परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि ते सुटाबुटात होते. एक पंचा नेसून बसले होते, दुसरे कोटटाय घालून. यांपैकी खरे कोण, असा प्रश्न विचारणेच चूक आहे. ज्या समाजाला शतकानुशतके चांगले वस्त्र अंगावर घालू दिले नाही, त्या समाजातल्या माणसाच्या अंगावरचा सूट हा डामडौल नसतो. ते हक्काचे वस्त्र असते. १९२७ च्या डिसेंबरात महाडला जमलेल्या स्त्रियांनाही बाबासाहेबांनी सांगितले होते की, लुगडे असे नेसा की त्यावरून तुमची जात कोणाला ओळखता येऊ नये. साधेपणा मोठा खरा; पण जो आपणहून निवडतो त्यालाच तो शोभतो. लादलेला साधेपणा ही शिक्षा असते. म्हणूनच मी पंच्याची बाजू घेत नाही, सुटाचीही घेत नाही. मी निवडीची बाजू घेते.

निवड करायची तर माहिती हवी. मामींसाठी मी ती थोडी गोळा केली. इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून सांगते.

पहिली गोष्ट हवेची. मे महिन्यात त्या बाजूला दुपार आपल्या माघातल्यासारखी सुखद असते, पण संध्याकाळी डेकवर गार वारा सुटतो. औंढ्याच्या मे महिन्याच्या हिशेबाने पेटी भरली तर पहिल्याच रात्री दात वाजतील. एक स्वेटर, एक शाल आणि वाऱ्याला अडवील असे हलके जाकीट हवे.

दुसरी गोष्ट पायांची. बोटीवर जिने असतात. काही बंदरांत मोठी बोट धक्क्याला न लागता समुद्रातच उभी राहते आणि लहान होडीतून किनारा गाठावा लागतो. रोमचे जुने रस्ते तर दगडी फरसबंदीचे. ज्याने आपल्या नागनाथाच्या तळघरातल्या गाभाऱ्यात अरुंद वाटेने वाकून पायऱ्या उतरल्या आहेत, त्याला हे वेगळे सांगायला नको. तिथे निऱ्या सावरू, पदर सांभाळू की हात टेकू, असे बाईमाणसाला होते. तेव्हा चढउताराच्या दिवशी सलवार-कुडता आणि पायात कॅनव्हासचे बूट यात संस्कृतीचा प्रश्नच येत नाही, गुडघ्याचा येतो.

तिसरी गोष्ट बोटीच्या शिस्तीची. आगीच्या भीतीने बहुतेक बोटींवर खोलीत इस्त्री वापरू देत नाहीत. म्हणून कडक इस्त्रीच्या सुती साड्यांपेक्षा चुरगळत नाहीत अशा साड्या बऱ्या. खोलीतले कपाट लहान. मोठे सामान धक्क्यावरच घेतात आणि ते खोलीत पोचायला कधी कधी संध्याकाळ होते. म्हणून औषधे आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत असावा. गांधीजींचा रविवार आठवावा!

चौथी गोष्ट समारंभाची. अशा सफरीत एक-दोन संध्याकाळी जेवायला ठेवणीतले कपडे घालून जाण्याची पद्धत असते. ताईला याचीच धास्ती होती. पण पैठणीइतके ठेवणीतले वस्त्र जगात दुसरे कुठले? पैठण आपल्याच मराठवाड्यातले. वर संभाजीनगरची हिमरू शाल घेतली की ऊबही मिळते आणि थाटही राहतो. आणि रोममध्ये सेंट पीटरच्या भव्य चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. म्हणजे देवाच्या दारात कसे जावे याबाबत रोमचे आणि औंढ्याचे फारसे दुमत नाही. उलट, उघड्या खांद्यांच्या ज्या पोशाखाला आपण ‘फॉरेन’ म्हणून डोक्यावर घेतो, त्यालाच तिथे दारात अडवतात.

ही माहिती मी मामींना वाचून दाखवली आणि प्रथमच त्यांना विचारले, “मामी, तुम्हांला काय न्यावेसे वाटते?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “चढायउतरायला पंजाबी ड्रेस. सासूबाई होत्या तोवर कधी घातला नाही, आता एकदा घालून बघीन. जेवायच्या दिवशी पैठणी. आणि आईचे एक जुने लुगडे आहे, ते नेसणार नाही, पण बरोबर असू दे.” पाहा! चार दिवस दोन पक्ष ज्यावरून भांडत होते, त्याचा निकाल ज्यांची पेटी त्यांनी चार वाक्यांत लावला. मामा अजून थोडे घुश्शात आहेत. पण मामींचे ‘नाही यायचे’ मात्र पुन्हा ऐकू आले नाही.

शेवटी एक गोष्ट आपल्या गावाविषयी. आजवर आपण बाहेर जाणाऱ्यांचीच काळजी केली. आता जग औंढ्याकडे यायला निघाले आहे. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ती वेधशाळा आपल्या दुधाळ्याच्या माळावर उभी राहायची आहे. उद्या देशोदेशींचे संशोधक, त्यांच्या बायका, त्यांच्या मुली इथे येतील. औंढ्याला जाताना पेटीत काय भरावे, असा प्रश्न त्यांच्याही घरात पडेल. त्यांनी आपल्या उन्हाचा आणि मंदिराच्या रीतीचा विचार करून यावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण बसस्टँडवर उभे राहून त्यांच्या कपड्यांवर शेरे मारणारी टोळकी त्यांना भेटणार असतील, तर विलायतेत आपल्याला कोणी हसू नये असे म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार? आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलीने प्रथमच जीन्स घातली, की व्हरांड्यात जी कुजबुज होते, ती मी ऐकलेली आहे. तशीच, खेड्यातून नऊवारीत आलेल्या एखादीच्या आईला पाहून फुटलेले हसूही ऐकलेले आहे.

आपल्या जवळच्या नरसीचे नाव ज्यांच्यामुळे दूरवर गेले ते नामदेव महाराज शिंप्याच्या घरातले. ते पार पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि त्यांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आजही आहेत. जाताना अंगावर काय होते, याची चौकशी पंजाबने ठेवलेली नाही. आपणही माणसांकडे पाहताना एवढे औदार्य दाखवावे; आणि घरातली कोणी बाई प्रवासाला निघाली की सल्ल्याचे गाठोडे सोडण्याआधी तिला एकदा विचारावे, “तुला काय न्यायचे आहे?” निदान या महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनी तरी याची सुरुवात आपापल्या घरापासून करावी, एवढीच विनंती.