गटारांचा हिशेब आला, कायद्यांचा कोण देणार?



पुणे शहरात विधानसभेचे आठ मतदारसंघ आहेत. तेथील आमदारांची एक रीत आहे. वर्ष सरले, किंवा निवडणूक जवळ आली, की मतदारांच्या दारात एक पुस्तिका येऊन पडते. नाव 'कार्य अहवाल'. कागद गुळगुळीत, छपाई चार रंगांची. आत कामांची यादी. ड्रेनेजची लाइन बदलली, पदपथावर पेव्हिंग ब्लॉक बसवले, बागेत ओपन जिम उभी केली, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र बांधले, चौकात हायमास्ट दिवा लावला. मोठ्या कामांत मेट्रो आणि चांदणी चौकातला उड्डाणपूल. कामाशेजारी नारळ फोडतानाचे छायाचित्र.

यवतमाळच्या कापूसवाल्याला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्याला पुण्याच्या गटाराशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. गटाराशी काहीच नाही. आमचे देणेघेणे आहे ते त्या पुस्तिकेत न छापलेल्या पानाशी. पुण्याचा आमदार विधानसभेत हात वर करतो तेव्हा जो कायदा होतो तो पुण्यापुरता नसतो. तो कापसाला लागतो, ज्वारीला लागतो, आमच्या सातबाऱ्याला लागतो. त्या हाताचा हिशेब कोठे आहे?

शंभर रुपयांत तेहतीस पैसे

आधी त्यांच्याच हिशेबाने चालू. आमदार स्थानिक विकास निधी २०२० साली दरसाल २ कोटींवरून ३ कोटी झाला आणि मार्च २०२२ मध्ये ५ कोटींवर गेला. पुण्याच्या आठ आमदारांचे मिळून ४० कोटी. त्याच शहराच्या महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक १२ हजार कोटींच्या वर आहे. म्हणजे महापालिका जेथे शंभर रुपये खर्चायला निघते तेथे आठही आमदारांच्या निधीची भर तेहतीस पैशांहून कमी. या तेहतीस पैशांवर चार रंगांची पुस्तिका निघते.

मोठ्या कामांचे तर विचारूच नका. मेट्रो केंद्र आणि राज्य यांच्या संयुक्त कंपनीची. १२ ऑगस्ट २०२३ रोजी खुला झालेला चांदणी चौकातला पूल केंद्राच्या महामार्ग प्राधिकरणाचा. आमदाराने पत्र दिले असेल, पाठपुरावा केला असेल, तो करावाच. पण शेजाऱ्याच्या घरच्या लग्नात आपण मांडव घातला असे सांगत फिरायचे, यालाही काही मर्यादा हवी.

आता २८८ आमदार आणि विधान परिषदेचे ७८, अशा ३६६ जणांचा हिशेब करा. दरसाल १,८३० कोटी. विधिमंडळाचे काम सरकारच्या खर्चावर नजर ठेवण्याचे. नजर ठेवणाऱ्यालाच खर्चाची थैली दिली की नजर ठेवायची कोणी? केंद्राच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ साली खासदार आणि आमदार निधीच्या दोन्ही योजना बंद करा, अशी शिफारस केली. बंद राहिले दूर, महाराष्ट्रात निधी वाढत गेला.

गटार कोणाचे?

घटनेची ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती १९९३ साली अमलात आली. गावपातळीचे २९ विषय पंचायतींकडे आणि शहराचे १८ विषय पालिकांकडे सोपवायचे ठरले. रस्ते, पाणी, सांडपाणी, दिवाबत्ती, बागा हे सगळे त्या १८ विषयांत आहे. म्हणजे गटार हा नगरसेवकाचा विषय.

यावर पुण्याचा आमदार सांगेल, की नगरसेवकच नव्हते तर आम्ही काय करणार? खरे आहे. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक बसला. पण निवडणुका रखडल्या कशाने? एक तर ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, आणि दुसरीकडे प्रभाग रचनेचे कायदे विधिमंडळानेच एकदा असे आणि एकदा तसे फिरवले. नगरसेवकाची खुर्ची रिकामी राहिली ती विधिमंडळाच्या हातभाराने, आणि त्या रिकाम्या खुर्चीत बसून आमदार गटाराचे नारळ फोडणार.

याच पुण्यात झालेला दुसरा अहवाल

कार्य अहवाल ही चीज वाईट नाही. उलट ती याच पुण्यातली जुनी आणि चांगली चाल आहे. रामभाऊ म्हाळगी १९६७ ते १९७७ या काळात शुक्रवार पेठेतून आमदार होते. विधानसभेत आपण काय केले याचा वार्षिक अहवाल ते मतदारांपुढे ठेवत. प्रश्न विचारून सरकारला बोलते करणारा आमदार म्हणून त्यांचे नाव झाले. ते जनसंघाचे होते, आणि त्यांचे राजकारण पटत नसलेले लोक आमच्यात पुष्कळ आहेत. पण आमदाराने हिशेब कशाचा द्यायचा हे त्यांना कळले होते, एवढे मान्य करायला पक्ष आड येऊ नये. ६ मार्च १९८२ रोजी ते गेले. लोकप्रतिनिधींना शिकवणारी संस्था त्यांच्या नावाने निघाली. शिकवण मात्र गटारात गेली.

हात वर झाले, खबर मिळाली नाही

कायद्यांचा हिशेब का हवा, तर इतिहास पाहा.

१९७१ साली विधिमंडळाने कापूस एकाधिकार खरेदीचा कायदा केला आणि १९७२ च्या हंगामापासून आमचा कापूस सरकारशिवाय कोणाला विकायची सोय उरली नाही. सीमेवर नाके बसले. आपल्या शेतातला कापूस बंडीत भरून पलीकडच्या राज्यात नेला तर शेतकरी गुन्हेगार. ग्रेडरच्या मर्जीवर प्रत ठरायची, चुकारे महिनोन्‌महिने लांबायचे. खासगी व्यापाऱ्याला मोकळीक मिळायला २००२ साल उजाडावे लागले. तीस वर्षे! या तीस वर्षांत पुण्याच्या पेठांतून आणि आमच्या तालुक्यांतून किती आमदार आले आणि गेले. त्यांतल्या किती जणांनी परत येऊन मतदारांना सांगितले, की मी या कायद्याच्या बाजूने होतो किंवा विरुद्ध होतो, आणि का?

दुसरे उदाहरण जमिनीचे. महाराष्ट्रात शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा १९६१ चा. १९७५ पासून कोरडवाहूला ५४ एकर आणि बारमाही बागायतीला १८ एकर ही मर्यादा. हा कायदा घटनेच्या नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवला आहे, म्हणजे न्यायालयाचे दारही अर्धे बंद. शहरातल्या जमिनीला १९७६ साली केंद्राने असाच कायदा लावला. पुण्यात मर्यादा होती १,००० चौरस मीटर. तो कायदा केंद्राने १९९९ साली मागे घेतला. २९ नोव्हेंबर २००७ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ठराव करून तो आपल्याकडेही रद्द केला. शहरांच्या नूतनीकरणासाठी केंद्राची जी योजना होती, तिच्या पैशासाठी ही अट होती. त्याच योजनेतून पुण्याच्या बीआरटीला पैसा आला. बसचा मार्ग अहवालात छापण्याजोगा. पण बिल्डराच्या जमिनीची मर्यादा उठली आणि शेतकऱ्याच्या जमिनीची राहिली, ही बातमी कोणत्या पानावर छापायची?

कोणी म्हणेल, तुमच्यात ५४ एकरवाला आहे तरी कोण? राज्यातली सरासरी धारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. कबूल. पण माप दोन प्रकारचे का, हा प्रश्न तीन एकरवाल्यालाही विचारता येतो. शहरात भांडवल आणि जमीन एकत्र येऊ शकते, शेतीत नाही. मग शेतीत भांडवल येत नाही म्हणून पुन्हा आम्हालाच व्याख्यान द्यायचे!

तिसरे उदाहरण पुण्याच्या गुलटेकडीचे. तेथील बाजार समितीची निवडणूक एप्रिल २०२३ मध्ये झाली ती सुमारे दोन दशकांनी. १९६३ च्या बाजार समिती कायद्याच्या नियमनातून फळे आणि भाजीपाला २०१६ साली मोकळा झाला. त्या सुटीत ज्वारी नव्हती. पुण्याच्या खानावळीत ज्वारीची भाकरी आता हौसेने मागवली जाते. ती ज्वारी शेतकऱ्याने कोणाला, कोठे विकावी याचा कायदा ठरवण्यात त्या भाकरी खाणाऱ्याच्या आमदाराचाही वाटा आहे.

विधिमंडळाने आमच्या बाजूने कधी काही केलेच नाही, असेही नाही. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्याला पैसा लागला तो १९७५ च्या व्यवसाय करातून, म्हणजे पुण्या-मुंबईच्या पगारदाराच्या खिशातून. दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना त्या कायद्याने मजुरी दिली. २००५ साली देशाने तीच वाट धरली. एका कायद्याने केवढे होते ते येथे दिसते. हजार हायमास्ट दिवे त्याच्या जवळ जात नाहीत.

आमच्याकडे तरी काय वेगळे?

पुण्याला बोट दाखवून हात झटकता येणार नाहीत. आमच्या आमदारांचे अहवाल पाहा. सभामंडप, व्यायामशाळा, प्रवासी निवारा, स्मशानभूमीची शेड आणि जमलाच तर पांदण रस्ता. पांदण रस्ता आम्हाला हवा. पावसाळ्यात बंडी रुतते तेव्हा त्याची किंमत कळते. पण त्या रस्त्याने जो कापूस बाहेर जाणार त्याला भाव काय मिळणार, हा प्रश्न रस्त्याने सुटत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि ही सूट ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. नेमका आमचा कापूस घरात येण्याचा काळ! तो दिल्लीचा विषय, असे आमदार म्हणतील. दिल्लीला ठराव पाठवायला विधानसभेला कोणी अडवले आहे?

आणखी एक सबब पक्षादेशाची. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप मोडला तर आमदारकी जाते, म्हणून हात पक्षाच्या मर्जीने वर होतो. मतदानापुरते हे खरे. पण तारांकित प्रश्न विचारायला, लक्षवेधी मांडायला, अशासकीय विधेयक आणायला व्हिप लागत नाही. लागते ते सभागृहात बसणे. आणि सभागृह तरी किती चालते? २०२४ चे नागपूरचे हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, सहा दिवस. मंत्र्यांची खाती जाहीर झाली शेवटच्या दिवशी. कापूस कोणाला विचारायचा आणि ज्वारी कोणाला, हे ठरण्याआधीच अधिवेशन गुंडाळले. आम्ही सहा दिवसांत एका शिवाराची वेचणी पुरी करीत नाही.

बैठकीत ठरवायचे

जिल्हा बैठकीपुढे आमची सूचना साधी आहे. आमदार कोणत्याही पक्षाचा असो, आपल्या तालुक्याचा असो की पुण्याचा, त्याला लेखी विचारायचे:

१. गेल्या वर्षात सभागृह किती दिवस भरले आणि आपण किती दिवस हजर होता?

२. आपण किती प्रश्न विचारले? त्यांत शेतीचे किती, आणि उत्तर काय मिळाले?

३. शेतीला लागू होणाऱ्या प्रत्येक विधेयकावर आपण काय बोललात आणि कोणत्या बाजूने राहिलात?

४. शहरी जमीन धारणेचा कायदा रद्द झाला. शेतजमिनीच्या कायद्याबद्दल आपले मत काय? हो की नाही, एका शब्दात.

५. स्थानिक विकास निधीतले प्रत्येक काम, रक्कम आणि ठेकेदार सांगा.

पाचव्याचे उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात जिल्हा नियोजन कार्यालयाकडे अर्ज टाकायचा. पहिल्या चारांचे उत्तर आले नाही तर तेच उत्तर समजायचे आणि आमदाराच्या पुढच्या सभेत गावासमोर वाचून दाखवायचे. पुण्यात शिकणारी, नोकरी करणारी आपली मुले आहेत. कोथरूडला, हडपसरला, वडगाव शेरीला त्यांचे मत आहे. पाच प्रश्नांचा हा कागद त्यांच्याही हाती द्या. कार्य अहवाल दारात पडेल तेव्हा त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर हे प्रश्न लिहून तो आमदाराच्या संपर्क कार्यालयात परत नेऊन द्यायला त्यांना सांगा.

गटार वाहते ठेवायला नगरसेवक आहे, गावात सरपंच आहे. कायदा करायला आणि नको तो कायदा मोडीत काढायला आमदाराशिवाय दुसरे कोणी नाही. त्याला त्याच कामाची आठवण द्यायची आहे.