शोधकथेचा कस

तळघर, शिलालेख, फाटका नकाशा आणि शतकानुशतके दडलेली देवमूर्ती एवढी सामग्री जुळली, की कादंबरी हातातून खाली ठेवणे कठीण होते. अशा कादंबऱ्यांना ‘रंजनप्रधान’ ठरवून अभ्यासाबाहेर ठेवणे मला मान्य नाही. मात्र त्यांचा कस लावताना, वस्तू कशी सापडली यापेक्षा सापडल्यावर ती कोणाची झाली, हे प्रथम पाहावे, असे माझे मत आहे.

आपल्या जवळचेच उदाहरण घ्या. अंगापूर येथे कृष्णेच्या डोहात समर्थ रामदासांना रामाची आणि अंगलाईची मूर्ती सापडली, अशी परंपरा आहे. राम चाफळला आणि अंगलाई सज्जनगडावर स्थापन झाली. डोहातील शोध हा या कथेचा आरंभ आहे. तिचा अर्थ मात्र मूर्ती सर्वांच्या दर्शनासाठी खुली होण्यात आहे. चाफळ, मसूर, उंब्रजपासून सांगली जिल्ह्यातील बहे-बोरगाव आणि शिराळ्यापर्यंत पसरलेल्या अकरा मारुतींची परंपराही याच वृत्तीची आहे.

विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) या कादंबरीतही हेच दिसते. १७९९च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीत हाती लागलेला देवतेचा हिरा इंग्लंडमध्ये वारसाहक्काची वस्तू बनतो. अखेरीस तो पुन्हा मूर्तीच्या कपाळी विराजमान होतो. सत्यजित राय यांच्या ‘जय बाबा फेलुनाथ’ (१९७९) या चित्रपटात धनिक मगनलाल मेघराजला गणेशमूर्तीची केवळ किंमत दिसते, तर घरातला लहान मुलगा ती दुर्गेच्या सिंहाच्या जबड्यात लपवतो. एकाच वस्तूकडे पाहण्याच्या या दोन दृष्टींतून नाट्य उभे राहते.

नोकरी, शेती आणि संसार सांभाळून शिकणाऱ्या तुम्हांला ‘गुप्तधन’ हा शब्द केवळ पुस्तकातून भेटलेला नसेल. गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांना २०१३च्या महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविले. या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटलेले साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली. म्हणून कादंबरीत मांत्रिकाच्या शब्दाने दार उघडते, तेव्हा आपण थांबून विचार केला पाहिजे.

याचा अर्थ लेखकाने मांत्रिक रंगवू नये, असा नाही. परंतु रहस्यकथेचा वाचकाशी एक अलिखित करार असतो : दिलेल्या खुणांवरून तर्काने उत्तर गाठता आले पाहिजे. मंत्राने कोडे सुटले, तर हा करार मोडतो आणि अंधश्रद्धेलाही बळ मिळते. येथे कलेतील उणीव आणि सामाजिक दोष एकच ठरतात.

यापुढे अशी कादंबरी हाती घ्याल, तेव्हा दोन प्रश्न वहीत लिहून ठेवा : शोध कशाच्या बळावर लागला? आणि सापडलेले कोणाच्या स्वाधीन झाले? उत्तरे शोधताना तुमचे मत माझ्याहून वेगळे झाले, तरी ते कादंबरीतील पुराव्यानिशी मांडा.