बेटावर मास्तर पोहोचतो, सेमाडोहला का नाही?

डी.एड., बी.एड. होऊन वर्षानुवर्षे घरी बसलेल्या वऱ्हाडातील तरुणांना हल्ली एक सल्ला सर्रास दिला जातो. सरकारच्या दारात ताटकळता कशाला? इंग्रजी थोडे सुधारा आणि मालदीव, सेशेल्स नाही तर थायलंड गाठा. निळा समुद्र, नारळाची झाडे, परकीय चलनातील पगार आणि काम काय, तर मुलांना इंग्रजी शिकवणे! सल्ला देणारे बहुधा स्वतः निवृत्तिवेतनाची निश्चिती असलेले गृहस्थ असतात. त्यांच्या सल्ल्यात एक राजकीय सिद्धान्त दडलेला आहे. बेकारी हा तरुणाचा वैयक्तिक दोष आहे, तेव्हा त्यातून सुटण्याची वाटही त्याने एकट्यानेच शोधावी, हा तो सिद्धान्त.

या वाटेवर आहे तरी काय? इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या जागतिक बाजारात माणसाच्या ज्ञानाआधी त्याचे पारपत्र तपासले जाते. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा परवाना मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी राखलेला आहे. इंग्रजी ज्याची जन्मभाषा, तोच उत्तम शिक्षक, ही त्यामागची समजूत. मातृभाषेचे महत्त्व सांगून सांगून शिक्षणतज्ज्ञ थकले. पण इंग्रजीच्या बाजारात मातृभाषा हीच पहिली पात्रता ठरली! दर्यापूरच्या किंवा अचलपूरच्या पदवीधराने व्याकरण कितीही पक्के केले, तरी या उतरंडीत त्याची जागा खालचीच.

त्यात दलालांची भर. परदेशी नोकरी लावून देणारा एजंट सरकारदरबारी नोंदलेला असला पाहिजे आणि त्याने सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक घेता कामा नये, असा नियम आहे. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. पण त्याची अडचण ओळखून त्याला नागवणाऱ्याला अक्कल भरपूर असते. थायलंडमधील चांगल्या नोकरीच्या आमिषाने गेलेले अनेक भारतीय तरुण म्यानमारच्या सीमेवरील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबले गेले. मार्च २०२५ मध्ये त्यांतील शेकडो जणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले.

जे प्रामाणिक मार्गाने जातात, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मालदीवच्या शाळांत भारतीय शिक्षक कित्येक दशके काम करीत आले आहेत. त्यांत केरळ-तमिळनाडूकडील मंडळींचा भरणा मोठा. घरदार सोडून, ठरावीक मुदतीच्या करारावर, चहूबाजूंनी पाणी असलेल्या बेटावर त्यांनी पिढ्या शिकवल्या. दोष त्यांचा नव्हे. प्रश्न आहे तो महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांना.

मालदीव हा सुमारे ८०० किलोमीटर लांबीच्या समुद्रपट्ट्यात विखुरलेला चिमुकला देश. त्याची वस्ती असलेली बेटे दोनशेच्या आसपास. अशा देशाला बेटाबेटावर शाळा चालवण्यासाठी समुद्रापलीकडून शिक्षक आणता येतो. सेमाडोह परतवाड्याहून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. मध्ये समुद्र नाही. घाटाचा डांबरी रस्ता आहे. या रस्त्याने पर्यटक जातात, वनखात्याच्या जीपगाड्या जातात, निवडणुकीच्या वेळी मतपेट्या गेल्या आणि आता मतदानयंत्रेही जातात. तेथे पर्यटन संकुल उभे राहिले, सिपना नदीकाठी पाहुण्यांची सोय झाली. मेळघाटातील शिक्षकांच्या रिक्त जागांचा विषय निघाला, की मात्र हाच मुलूख एकाएकी ‘दुर्गम’ होतो! दुर्गमता भूगोलात असती, तर मालदीवमध्ये एकही शाळा चालली नसती. ती सत्ताधाऱ्यांच्या इच्छाशक्तीत आहे.

इकडे शिक्षकाची काय अवस्था केली, तेही पाहावे. २००० साली ‘शिक्षणसेवक’ ही योजना आली. शिक्षकाला पहिली तीन वर्षे वेतनाऐवजी मानधन. हे मानधन प्राथमिक शाळेत २०२३ पर्यंत महिना ६,००० रुपये होते. मग ते १६,००० झाले. २ मे २०१२ रोजी शिक्षकभरतीच थांबवली. अभियोग्यता चाचणी झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये, आणि दुसरीला २०२३ उजाडले. दरम्यान पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार उघडकीस येऊन ७,८८० उमेदवार अपात्र ठरले. पैसे न देता अभ्यास करणाऱ्यांच्या वाट्याला मात्र आणखी प्रतीक्षा आली. जुलै २०२३ मध्ये सेवानिवृत्त शिक्षकांना २०,००० रुपयांवर कंत्राटी नेमण्याचा निर्णय झाला. निवृत्ताला वीस आणि नवख्याला सोळा, हा हिशेब ज्यांनी मांडला, त्यांनी तरुणाला समुद्राकडे ढकलले नाही, असे कोण म्हणेल?

या साऱ्याची किंमत मोजतो तो सेमाडोह परिसरातील कोरकू मूल. त्याची भाषा मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातील स्वतंत्र भाषा आहे. त्याला शाळेची मराठी परकी, बाजारातील हिंदी निराळी आणि २००० सालापासून पहिलीपासूनच आलेली इंग्रजी त्याहून दूरची. अशा मुलाला शिकवणे हे समुद्रकिनाऱ्यावरच्या कोणत्याही नोकरीइतकेच कौशल्याचे काम आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी राज्यांनी कराव्यात, असे घटनेचे कलम ३५०-अ सांगते. शिक्षकांच्या रिक्त जागा दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. कायद्याची भाषा कोरकू मुलाला कळत नाही, हे समजण्यासारखे आहे. राज्यकर्त्यांनाही कळू नये?

धारणी आणि चिखलदरा हे अनुसूचित क्षेत्र. तेथील शिक्षकांसह सतरा संवर्गांची पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरण्याची तरतूद न्यायालयीन वादात अडकली, आणि आंदोलनानंतर २०२४ मध्ये उमेदवारांपुढे पुन्हा तात्पुरते मानधनच आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत राज्य सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि तरुणांना जर्मन शिकवण्याची तयारी चालवली. परक्या देशाची गरज भागवण्यासाठी भाषावर्ग उघडणाऱ्या सरकारला मेळघाटातील प्रत्येक शिक्षकाला कोरकू शिकवणे जड का जावे?

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातील, लोकांत मिसळणारा असावा आणि त्याला दरमहा किमान बारा रुपये मिळावेत, असे मागितले होते. आज जवळजवळ दीडशे वर्षांनी मागणी तीच आहे. फक्त आकडे बदलले.

इंग्रजीचा द्वेष करण्याचा हा प्रश्न नाही. इंग्रजीच्या सत्तेवर घणाघात करणारे डॉ. राममनोहर लोहिया स्वतः बर्लिनला डॉक्टरेट मिळवून आले होते. त्यांचा विरोध मूठभरांच्या मक्तेदारीला होता. कोरकू मुलालाही उत्तम इंग्रजी यावी. पण ती त्याच्या भाषेच्या खांद्यावर उभी राहून यावी, आणि ती शिकवणारा शिक्षक पूर्ण वेतनाचा, कायम नेमणुकीचा असावा.

म्हणून कार्यकर्त्यांनी पुढील मागण्या ग्रामसभांपासून जिल्हा परिषदेपर्यंत लावून धरल्या पाहिजेत. मेळघाटातील शाळानिहाय रिक्त पदांची यादी जाहीर व्हावी. मानधनाची पद्धत बंद व्हावी. स्थानिक कोरकू तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन कायम नेमावे आणि बाहेरून येणाऱ्या शिक्षकाला कोरकू शिकणे बंधनकारक करावे. एवढे झाल्यावर ज्याला समुद्र पाहावासा वाटेल, त्याने खुशाल जावे. पोटासाठी कोणाला जावे लागू नये. मालदीवच्या मुलांना शिक्षक मिळाला, याचा आनंदच आहे. सेमाडोहच्या मुलांना तो का मिळत नाही, याचा जाब सत्ताधाऱ्यांकडून घेतलाच पाहिजे.