संवादाची मालकी कोणाची?

'स्काईप' ही इंटरनेटवरून बोलण्याची व संदेश धाडण्याची सेवा ५ मे २०२५ रोजी कायमची बंद झाली. त्याच्या दोनच दिवस आधी, ३ मेच्या पहाटे, शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांना प्राण गमवावे लागले होते. सारा डिचोली तालुका त्या शोकात असता एका परदेशी कंपनीच्या सेवेची अखेर कोणाच्या ध्यानी न यावी, यात नवल नाही. परंतु तो धक्का ओसरल्यानंतरही या घटनेचा विचार आपल्याकडे जवळजवळ झालाच नाही. तो होणे आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

या तालुक्यात २०१२ साली व पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या आणि अनेक घरांना पोटापाण्यासाठी बाहेर पाहावे लागले. कोणी आखातात गेले, कोणी बोटीवर चढले. त्यापूर्वीच्या पिढीला परदेशी बोलायचे म्हणजे आयएसडीच्या पिवळ्या पाटीखाली उभे राहून, वाढत्या आकड्यावर नजर ठेवून, चार वाक्यांत कुशल आटोपावे लागे. स्काईपने तो आकडा पुसला. चवथीची माटोळी परदेशातल्या नातवंडाला दाखवता आली. आजीला नातवाचा चेहरा दिसू लागला. ही सोय क्षुल्लक नव्हती.

या सेवेचा जन्म २००३ सालचा. स्वीडनचे निकलास झेनस्ट्रॉम व डेन्मार्कचे यानुस फ्रीस यांनी एस्टोनियातील तंत्रज्ञांच्या साहाय्याने ती उभारली. पुढे ती वस्तूप्रमाणे हातोहात फिरली. २००५ साली 'ईबे'ने ती सुमारे २.६ अब्ज डॉलरना घेतली, २००९ साली तिचा मोठा हिस्सा गुंतवणूकदारांना विकला आणि २०११ साली 'मायक्रोसॉफ्ट'ने साडेआठ अब्ज डॉलर मोजून ती आपल्या पदरी घेतली. एवढी किंमत देऊन घेतलेली वस्तू चौदा वर्षांत मोडीत निघावी, याची कारणे काय?

पहिले कारण काळाची गती. स्काईप संगणकासाठी घडली होती. माणसे खिशातल्या फोनकडे वळली, तेव्हा तिला ते वळण वेळेवर साधले नाही. 'व्हॉट्सअ‍ॅप'ला वेगळे नाव वा परवलीचा शब्द लागत नव्हता, दूरध्वनी क्रमांक पुरेसा होता. २०१५ साली त्यावर बोलता येऊ लागले, २०१६ साली चेहराही दिसू लागला. दुसरे कारण मालकाची अनास्था. सेवेचे रूप वारंवार बदलून जुन्या वापरकर्त्यांना गोंधळात टाकण्यात आले आणि २०१७ साली त्याच मालकाने 'टीम्स' ही नवी सेवा काढून सारे लक्ष तिच्याकडे वळविले. महामारीत जगाला दूरसंभाषणाची कधी नव्हे एवढी गरज पडली, तेव्हा लोकांच्या तोंडी नाव आले ते 'झूम'चे! तरीही २०२३ साली रोज ३ कोटी ६० लाख माणसे स्काईप वापरीत होती. म्हणजे माणसांची गरज संपली नव्हती, मालकाची संपली होती.

एक दुकान बंद पडले, दुसरे उघडले, त्यात बिघडले काय, असा प्रश्न व्यवहारी माणूस करील. बिघडले ते हे, की आपण ज्याला दुकान समजतो ते आता गावचा रस्ता झाले आहे. तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली. परंतु ती चालविणारे सरकार लोकसभेला उत्तरदायी होते. स्काईपच्या मालकाने २८ फेब्रुवारी २०२५ रोजी घोषणा केली आणि दोन महिन्यांत टाळे लावले. जुने संदेश उतरवून घेण्यास जानेवारी २०२६ पर्यंतची मुदत दिली, ही त्याची कृपा. हक्क म्हणून मागता येईल असे काही वापरकर्त्याच्या हाती नव्हते. उद्या व्हॉट्सअ‍ॅपच्या मालकाच्या मनात असे काही आले, तर आपली अवस्था निराळी असेल काय?

संवादाचे साधन कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न गोमंतकीयांना नवा नाही. सालाझारच्या राजवटीत छापील शब्द सेन्सॉरच्या हातून जाई. म्हणूनच १९५५ पासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांना सीमेपलीकडच्या रानातून गुप्त नभोवाणी चालवावी लागली. आजच्या कंपन्या म्हणजे सालाझार नव्हेत, हे उघड आहे. परंतु दुसऱ्याच्या मर्जीवर चालणारा संवाद हा पुरता आपला नसतो, हा त्या काळाचा धडा आजही लागू पडतो.

यावर उपाय नाही असे नाही. कोणत्याही कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर बोलता येते. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याचा अधिकार भारतीय ग्राहकाला २०११ पासून देशभर आहे. युरोपने २०२२ च्या कायद्याने बड्या संदेशसेवांवर इतर सेवांना दार उघडण्याचे बंधन घातले. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मात्र आपली माहिती एका सेवेतून दुसरीत नेण्याचा हक्क नाही. त्याच्या २०१९ च्या विधेयकात तो होता, पुढे तो गळाला. तो परत आणणे आणि सेवा बंद करण्यापूर्वी पुरेशी मुदत देण्याचे बंधन घालणे, हे संसदेचे काम आहे. गोव्याच्या खासदारांनी ही मागणी तेथे आग्रहाने मांडावी. ज्या प्रदेशाची इतकी माणसे समुद्रापार आहेत, त्याच्या प्रतिनिधींनी हा प्रश्न दुसऱ्यांवर सोपवून चालणार नाही.