खेळाडू मोठा की उस्ताद?

माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत नववीत शिकतो. परवा फोनवर त्याचा आणि त्याच्या अब्बांचा वाद रंगला होता. शेवटी प्रश्न माझ्याकडे आला, "खाला, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हीच सांगा. टॉम ब्रेडी मोठा की त्याचा कोच बेलिचिक?"

तिकडचा फुटबॉल वेगळा. चेंडू लंबगोल, तो हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचे. जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. चाल कोणती, हे त्याला हेल्मेटमधल्या रेडिओवर कोच सांगतो. पण चाल सुरू करण्याच्या घड्याळात 15 सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. पुढचा निर्णय त्याचा एकट्याचा. तोही दोन-तीन सेकंदांत, पुढचे पाच धिप्पाड गडी प्रतिस्पर्ध्यांना अडवून धरतात तोवरच.

ब्रेडी 2000 च्या खेळाडू निवडीत 199 वा होता. पुढच्या वर्षी मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून त्याला संधी मिळाली. मग बेलिचिकच्या हाताखाली न्यू इंग्लंड पेट्रियट्ससाठी त्याने सहा सुपर बोल जिंकले.

अब्बांचा पुरावा 2008 चा. पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला. त्याच्या जागी मॅट कॅसल आला. कॉलेजात त्याला एकाही सामन्यात पहिल्यापासून क्वार्टरबॅक म्हणून उतरवले नव्हते. तरी संघाने 16 पैकी 11 सामने जिंकले. म्हणजे करामत कोचची! पण आदल्या वर्षी ब्रेडी असताना त्याच संघाने 16 पैकी 16 जिंकले होते, हे अब्बा सांगत नाहीत.

भाच्याचा पुरावा 2020 च्या हंगामाचा. ब्रेडी टँपा बेकडे गेला. आदल्या वर्षी अवघे सात सामने जिंकलेला तो संघ 43 वर्षांच्या ब्रेडीसह विजेता ठरला. बेलिचिकच्या संघाला मात्र सातच विजय मिळाले. म्हणजे करामत ब्रेडीची! पण अंतिम सामना 31-9 असा संपला आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही टचडाउन करता आले नाही. त्यांना रोखणारे गडी दुसरेच होते. तेव्हा ब्रेडी मैदानाबाहेर होता. हे भाचा सांगत नाही.

मला मात्र कॅसल जास्त शिकवून गेला. 2009 मध्ये तो कॅन्सस सिटीकडे गेला आणि संघाने फक्त चार सामने जिंकले. पुढच्या वर्षी दहा. त्या वर्षी तिथे चढाईचा कोच म्हणून चार्ली वाइस आला होता. सुरुवातीच्या वर्षांत ब्रेडीला शिकवणारा तोच. सगळे श्रेय एकट्या वाइसचे म्हणता येणार नाही, पण कॅसलही वर्षभरात अडीचपट हुशार झाला नव्हता.

मी भाच्याला म्हटले, "बेटा, उस्ताद आणि साथीदार वाट मोकळी करून देतात. पण तो आवाज बंद झाल्यावर चेंडू कुठे फेकायचा, हे ब्रेडीलाच ठरवावे लागते."

फोन ठेवला आणि वर्गातला एक मुलगा आठवला. सहामाहीच्या निकालानंतर मी त्याच्या प्रगतिपुस्तकात 'अभ्यासात लक्ष नाही' असे लिहून मोकळी झाले होते. त्याच्यापुढे कोण उभे आहे, हे मी विचारलेच नव्हते. सोमवारी विचारणार आहे.