रंग गेला म्हणजे पाणी चांगलं झालं का?

आमचं रान ओढ्याकडेला. वरच्या अंगाला कापड रंगवणारे कारखाने, त्यामुळं ओढा कधी तांबडा, कधी निळा.

पुतणी केमिस्ट्रीत एमएस्सी करतीय. तिनं परवा व्हिडिओ दाखवला. काचेच्या भांड्यात मिथिलीन ब्ल्यूचं निळंशार पाणी, त्यात चिमूटभर पूड, उन्हात ढवळत ठेवलं आणि काही वेळानं पाणी नितळ! पूड म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण; भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच, फक्त फार बारीक. उजेड पडला की त्या कणांवर हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि रंगाचा रेणू तोडतात. नुसत्या टायटॅनियमला अतिनील किरणं लागतात, आणि उन्हात ती जेमतेम ४-५ टक्के. म्हणून त्यात लोखंड, तांबं, चांदी अशा धातूची किंचित भेसळ करतात. (भेसळ कामाची असते हे पहिल्यांदाच ऐकलं.) मग साधा उजेडही उपयोगी पडतो.

संशोधन चांगलंच आहे. पण उद्या कुणी हेच नितळ पाणी दाखवून "घ्या, उसाला सोडा" म्हणालं, तर मी मोटार चालू करणार नाही.

कारण आपलं रान रंगानं कमी आणि मिठानं जास्त मरतं. सुती कापडाला रिॲक्टिव्ह रंग धरावा म्हणून टाकीत मीठ घालतात, गडद रंगाला लिटरमागं ५०-६० ग्रॅम, कधी त्याहून जास्त. धुताना ते पातळ होतं, जात नाही. ही पूड मिठाला हातसुद्धा लावत नाही. उलट मिठातला क्लोराइड ते रॅडिकल खाऊन टाकतो, म्हणजे शुद्ध पाण्यात जमलेलं काम तिथं मंदावतं. सोडियम मात्र सरळ रानात येतो, जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही. चोपण झालेलं रान सुधारायला जिप्सम, चर, हिरवळीचं खत, किती वर्षं जातात ते ज्याचं गेलंय त्याला विचारा.

आणि ती पूड गाळून काढली नाही तर तांबं-चांदी मातीतल्या जिवाणूंवर उठणार.

म्हणून रंग बघू नका, ईसी विचारा. ०.७ च्या आत असेल तर बिनघोर, ३ च्या वर गेली तर नको म्हणा. सोबत एसएआरपण मागा.

पुतणीला सांगितलंय, पुढच्या सुट्टीत ये, ओढ्याचं पाणी कॅनमध्ये भरून देतो. त्यात पूड टाकून बघ.