तू गप्प का?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाईन की सिक्स्टी नाईन, हे मला अजूनही मनात ठरवावं लागतं. शाळेत सकाळी ‘अवर फादर’ आणि घरी संध्याकाळी शुभंकरोती, अशी माझी दोन्हीकडची भरती. त्यामुळे मराठी विभागात लिही म्हटल्यावर मी दोन आठवडे टाळाटाळ केली. पण विभागाची संपादिका माझीच रूममेट असल्यामुळे पळायला जागा नव्हती. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या माथी, विचारांच्या माझ्या.

विषय मात्र तिनं दिलेला नाही. तो मला स्वतःलाच लिहायचा होता, कारण त्यात माझी एक चूक आहे.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. सहा जण महाराष्ट्रातले होते, त्यातले तिघे डोंबिवलीचे. मारण्याआधी धर्म विचारला, असं वाचलेल्यांनी सांगितलं. त्या रात्री आमच्या विंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी झोपलंच नाही. राग, रडणारे इमोजी, फोटो, फॉरवर्ड. मीसुद्धा रागात होते. आणि रात्री साडेबाराच्या सुमारास मी एक ओळ टाईप केली. आमच्या विंगमध्ये एक मुसलमान मुलगी आहे, मालेगावची. तिला उद्देशून लिहिलं, “तू गप्प का?”

तिनं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती मेसमध्ये आमच्या टेबलावर बसेनाशी झाली. मला वाटलं, बघा, टोचलं तिला. खरं सांगायचं तर थोडं जिंकल्यासारखंसुद्धा वाटलं.

आता जरा मागे जाते, म्हणजे माझ्या जन्माच्या आधी.

मी मूळची बोरिवलीची. आईबाबा नंतर नाशिकला गेले म्हणून मी होस्टेलवर. ११ जुलै २००६ ला आईला पाचवा महिना होता, पोटात मी. त्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत, ऑफिस सुटायच्या वेळेला. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, मीरा रोड आणि आमचं बोरिवली. १८० हून जास्त माणसं गेली, ८०० च्या वर जखमी झाली. मोबाईल लागत नव्हते. बाबा दादरला कामाला होते आणि आई रात्री एकपर्यंत गॅलरीत उभी होती.

बाबा मागच्या गाडीत होते. गाडी थांबली, लोक रुळांवर उतरले, तेही उतरले आणि एस. व्ही. रोडनं चालत सुटले. ही गोष्ट आमच्या घरी दरवर्षी सांगितली जाते. त्यातला एक भाग बाबा कधी गाळत नाहीत. जोगेश्वरीत रस्त्याच्या कडेला काही पोरं पाणी आणि पार्लेचे पुडे वाटत होती. एकानं बाबांना हाताला धरून बाकड्यावर बसवलं आणि त्यांच्या चपलेचा तुटलेला अंगठा सुतळीनं बांधून दिला. डोक्यावर जाळीची टोपी. ही तीच जोगेश्वरी, जिथे १९९३ च्या जानेवारीत राधाबाई चाळीत माणसं जाळली गेली आणि ज्यानंतर गल्लीगल्लीत लोक ‘बॉर्डर’ म्हणू लागले. रुळांलगतच्या झोपडपट्ट्यांतल्या लोकांनी त्या दिवशी घरातल्या चादरींचे स्ट्रेचर करून जखमींना बाहेर काढलं. कोणाची चादर कोणाच्या अंगाखाली, हे पाहायला कोणाला वेळ नव्हता.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकते आहे. तरीही रात्री साडेबाराला मला ती आठवली नाही.

आता पुढचं ऐका. त्या स्फोटांचा खटला नऊ वर्षं चालला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. तेरावा निर्दोष सुटला, पण नऊ वर्षं तुरुंगात काढून. मग २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं उरलेल्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक जण २०२१ मध्येच तुरुंगात मेला होता. बाकीच्यांची एकोणीस वर्षं गेली होती, म्हणजे जवळजवळ माझं अख्खं आयुष्य. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही.

उच्च न्यायालयानं काय म्हटलं ते इंजिनिअरिंगच्या मुलांनी जरूर वाचावं. सरकारी पक्ष गुन्हा सिद्ध करू शकला नाही. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, त्यांतले काही भाग एकसारखे आहेत. (आपल्या जर्नलसारखे! छापलेली जर्नल्स आपले सर लांबून ओळखतात, मग न्यायाधीश ओळखणार नाहीत?) आणि सगळ्यात धक्कादायक गोष्ट म्हणजे, बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते हेसुद्धा सरकारी पक्षाला कोर्टापुढे नीट मांडता आलं नाही. एकोणीस वर्षांनी!

त्या रात्री आमच्या ग्रुपवर पुन्हा युद्ध. एक पक्ष म्हणाला, “कोर्टानं सांगितलं, निर्दोष आहेत, विषय संपला.” दुसरा म्हणाला, “पुरावा नाही म्हणजे गुन्हा नाही असं थोडंच आहे? मेलेल्यांना न्याय कोण देणार?”

बरोबर दहा दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटाचा निकाल आला. २९ सप्टेंबर २००८ ला भिकू चौकात बॉम्ब फुटला होता, सहा माणसं गेली होती. त्यातले सातही आरोपी निर्दोष सुटले. इथेही पुरावा पुरेसा नाही, हेच कारण. आणि मंडळी, काय सांगू! ग्रुपवर तीच वाक्यं पुन्हा आली, फक्त पाठवणारे बदलले. आधी “विषय संपला” म्हणणारे आता “मेलेल्यांना न्याय कोण देणार” म्हणत होते, आणि “पुरावा नाही म्हणजे गुन्हा नाही असं थोडंच” म्हणणाऱ्यांना आता कोर्टाचा शब्द अखेरचा वाटत होता. मी वर स्क्रोल करून दोन्ही रात्री ताडून पाहिल्या. मलाच माझी शरम वाटली, कारण त्या अदलाबदलीत माझेही चार मेसेज होते.

दुसऱ्या दिवशी मी मेसमध्ये मालेगावच्या त्या मुलीसमोर जाऊन बसले. काय बोलावं ते सुचेना. शेवटी म्हटलं, “सॉरी. एप्रिलमधलं.”

ती जेवतच राहिली. मग म्हणाली, “तू मला तेव्हा विचारलंस, गप्प का. काल मात्र कोणीच विचारलं नाही. काल तर माझ्या गावाचा निकाल होता.”

एवढंच बोलली. थोड्या वेळानं तिनं स्वतःहून सांगितलं की त्या चौकापासून तिचं घर चालत दहा मिनिटांवर आहे, आणि एप्रिलमध्ये ती रात्रभर रडली होती, पण ग्रुपवर काहीही लिहिलं असतं तरी ते परीक्षेचं उत्तर झालं असतं. शोक करायचीही तिला परवानगी काढावी लागत होती, आणि परीक्षक मी होते.

तर मुद्दा असा. धर्माच्या नावानं हिंसा होते तेव्हा आपण लगेच दोन याद्या काढतो. ‘आमचे मेलेले’ आणि ‘तुमचे मारणारे’. ज्यांना खरोखर लागलं ती माणसं या याद्यांत बसत नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर गोळ्या घालताना कोणाला काही विचारलं गेलं नव्हतं. मेलेल्यांत हिंदू होते, अनेक मुसलमान प्रवासीही होते. पहलगाममध्ये पर्यटकांना वाचवताना एक मुसलमान घोडेवालाही मारला गेला. आणि ‘गप्प का’चं उत्तर हवं असेल तर तेही याच शहरात आहे. २६/११ च्या नऊ मारेकऱ्यांना मरीन लाईन्सच्या बडा कबरस्तानात पुरायला मुंबईतल्या मुसलमान संस्थेनं साफ नकार दिला होता. याहून मोठ्यानं कसं बोलायचं असतं?

एक उदाहरण तर आपल्याच धंद्यातलं आहे. २ डिसेंबर २००२ ला घाटकोपर स्टेशनबाहेर बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला, दोन माणसं गेली. त्यात पकडलेल्यांपैकी एक होता ख्वाजा युनूस, परभणीचा, वय २७, दुबईत नोकरी करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर. जानेवारी २००३ मध्ये पोलीस म्हणाले, तो गाडीतून पळून गेला. सीआयडीच्या तपासात निघालं की तो कोठडीतच मेला होता. त्याचा मृतदेह कधीच मिळाला नाही. खटल्यातले बाकीचे आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. आता सांगा, इथे सोसलं कोणी? बसमधल्या त्या दोघांच्या घरच्यांनी की परभणीतल्या आईनं? या प्रश्नातला ‘की’ आपण घातलेला आहे. सोसलं दोघांनीही. आणि बॉम्ब ठेवणारा जो कोणी होता, तो मात्र यातून मोकळाच राहिला.

यावर एक मैत्रीण म्हणाली, “म्हणजे तुझ्या मते सगळेच सारखे? धर्मांध अतिरेकी असतात हे म्हणायचंच नाही का?” म्हणायचं ना! धर्माचं नाव घेऊन मारणाऱ्याला धर्मांधच म्हणायचं, मग त्याचा धर्म माझा असो वा तिचा. आणि पुरावा मागणं म्हणजे अतिरेक्यांना सूट देणं, हेही खरं नाही. कसाबचा खटला आठवा. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर जीव देऊन त्याला जिवंत पकडून दिलं. रीतसर खटला चालला, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची फाशी कायम केली आणि त्याच निकालात दोन भारतीय सहआरोपींची सुटकाही कायम केली, कारण त्यांच्याविरुद्ध पुरावा टिकला नाही. एकाच निकालात फाशीही आणि सुटकाही. पुरावा नीट गोळा केला की दोन्ही जमतं. उलट चुकीचा माणूस आत गेला की खरा मारेकरी बाहेर राहतो, आणि उद्याच्या सहा पंचवीसच्या विरार फास्टमध्ये तुम्ही-आम्हीच असतो.

शेवटी थोडं आपल्याबद्दल. डिएगो गॅम्बेटा आणि स्टेफन हेर्टोग या दोन अभ्यासकांचं २०१६ मध्ये एक पुस्तक आलं. उच्चशिक्षित इस्लामी अतिरेक्यांमध्ये इंजिनिअरांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा खूप जास्त आढळतं, आणि इतर देशांतल्या कडव्या उजव्या गटांतही ते दिसतं, असं त्यांचं म्हणणं. कारणं दोन. एक, शिकूनही मनासारखी नोकरी न मिळाल्याचा राग. दुसरं, प्रत्येक प्रश्नाला एकच स्वच्छ, पक्कं उत्तर असलं पाहिजे हा स्वभाव. आता कोणी उद्या आपल्या कॉलेजच्या गेटवर उभं राहून म्हणालं, “इंजिनिअर आहात ना? मग आधी निषेध करा, मगच आत जा,” तर कसं वाटेल? तिला तसं वाटलं.

पण तो दुसरा मुद्दा मला खरंच लागला. लॅबमध्ये आपण काय करतो? ग्राफ आधी ठरवतो आणि रीडिंग मागून भरतो. सरळ रेषेत न बसणारा बिंदू खोडून टाकतो. सबमिशनला चालून जातं. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करू लागलो, तर खोडलेला बिंदू कधी जोगेश्वरीतला सुतळीवाला असतो, कधी परभणीची आई, आणि कधी आपल्याच विंगमधली मुलगी.

वाद घालू नका असं मी म्हणत नाही. होस्टेलवर वाद नाही घालायचे तर कुठे घालायचे? फक्त निकाल आपल्या बाजूचा असो वा विरुद्ध, कसोटी तीच ठेवा. आणि दुःखाची हजेरी घेऊ नका.

ती आता पुन्हा आमच्या टेबलावर बसते. सगळं पूर्वीसारखं झालंय असं नाही, काही विषय निघाले की ती अजून पाण्याचा ग्लास घेऊन उठते. तेवढा माझ्या त्या तीन शब्दांचा हिशेब अजून बाकी आहे.

पटलं नसेल तर जरूर भांडायला या. ग्रुपवर नको, मेसमध्ये या. खिडकीजवळचं तिसरं टेबल, रात्री साडेआठ.